अकरा वेळा आलेला प्रश्न

अठ्ठ्याण्णव साली बोईसरात कॉम्प्युटर म्हणजे साहेबलोकांची वस्तू होती. लोक तिच्यावर पडदा घालून ठेवत आणि चपला बाहेर काढूनच जवळ जात. रत्नाबाईंना हे सोवळं कधी पटलं नाही. नवऱ्याच्या नोकरीपायी चाळीसगाव सोडून आलेल्या या बाईंनी आधी टायपिंगचा क्लास काढला, मग दोन जुने कॉम्प्युटर घेतले आणि शेवटी फोनच्या तारेवर चक्क एक फळा चालू केला. त्याचं नाव ठेवलं ओटा. ज्याच्याजवळ फोन आणि कॉम्प्युटर असेल त्याने क्लासचा नंबर लावायचा, दुसऱ्यांनी लिहिलेलं पडद्यावर वाचायचं आणि आपलं लिहून ठेवायचं. भाषा मराठी, अक्षरं इंग्रजी. तार एकच, म्हणून एका वेळी एकच माणूस ओट्यावर बसू शके.

एकेचाळीस सभासद झाले होते. कारखान्यांतले इंजिनिअर, पालघरचे एक वकील, वाणगावचे एक गुरुजी, पालघरजवळच्या माहीमचे पानवेलीच्या वाडीवाले दादूभाऊ. कुणी पंप का चढत नाही म्हणून विचारी, कुणी बहिणीसाठी स्थळ शोधी. नवीन कुणी आलं की रत्नाबाई स्वतः फोन लावत, गाव कुठलं, घरी कोण कोण, सगळं विचारून घेत आणि वहीत नाव-नंबर उतरवत. त्याशिवाय त्यांना चैनच पडत नसे.

मग प्लॉटवाला घुसला. दर दोन-चार दिवसांनी नवं नाव घ्यायचा आणि तीच जाहिरात वीस-वीस वेळा चिकटवायचा. बोईसर स्टेशनपासून पाच मिनिटांवर समुद्राची हवा, म्हणे. पाच मिनिटांत स्टेशनवरून समुद्र गाठायचा तर माणसाला पंख लागतील. पण लबाडीपेक्षा वाईट हे की तो तास-दीड तास तार अडवून बसे. खरा माणूस नंबर लावून लावून कंटाळे आणि नाद सोडून देई. दिलेल्या नंबरावर रत्नाबाई फोन करत, तर तो नंबर कुठल्याशा बंद गोडाऊनचा निघे.

चंद्रभानसाहेबांचं डोकं फिरलं. एका रसायनाच्या कारखान्यात ते मोठ्या हुद्द्यावर होते आणि कॉम्प्युटरला फोनशी जोडणारं मोडेम त्यांनीच दिलेलं होतं. दिलेलं म्हणजे वापरायला दिलेलं, हे ते अधूनमधून आठवण करून देत. त्यांनी नियम काढला की यापुढे कंपनीच्या ओळखपत्राचा नंबर असेल त्यालाच आत घ्यायचं. रत्नाबाई म्हणाल्या, मग दादूभाऊंनी पानवेलीकडून ओळखपत्र आणायचं का? त्यापेक्षा नव्या माणसाचं पहिलं लिखाण झाकून ठेवू, माझा फोन झाला की उघडू. साहेबांना ते पटलं नाही. सोमवारपासून ओळखपत्र, नाहीतर मी मोडेम घेऊन जातो, असं सांगून ते निघून गेले.

शुक्रवारी ओट्यावर एकच मजकूर अकरा वेळा आला. साहेबांनाही ओट्यावरचं पुसायची मुभा होती; त्यांनी आपल्या ऑफिसातून तो पाहिला, अकराच्या अकरा पुसले आणि ते नाव बंद करून टाकलं. रत्नाबाईंना फोन करून म्हणाले, बघा वहिनी, तुमच्या लाडक्या पाहुण्यांपैकी आणखी एक.

रत्नाबाईंकडे काही पुसलं म्हणून पुसलं जात नसे. पुसलेला मजकूर आठवडाभर त्यांच्या मशीनमध्ये राही, आणि कोण किती वाजता आलं, काय काय उघडलं, याची यादी तर कायमचीच राही. त्यांनी यादी काढली. प्लॉटवाला दीड महिन्यात चौदा नावांनी आला होता आणि त्याने दुसऱ्याची एकही ओळ उघडली नव्हती. ही नवसी नावाची बाई मात्र सगळी दुपारची सुट्टी आधी वाचत बसली होती. दादूभाऊंच्या वेलींवरची कीड वाचली, गुरुजींची गळकी टाकी वाचली, लोकांनी दिलेली उत्तरं वाचली, आणि मग लिहिलं होतं. शेवटी पडदा हलेना म्हणून बिचारीने पुन्हा पुन्हा बटण दाबलं असणार. क्लासमधली निम्मी पोरं पहिल्या दिवशी हेच करतात.

मजकूर असा होता. मी नवसी. पॅकिंगच्या कारखान्यात ठेकेदाराकडे आहे, तिथल्या कॉम्प्युटरवर मालाच्या चिठ्ठ्या छापते. आमच्या पाड्यावर भंगारवाल्याकडून निळी पिंपं आणलीत. लाल पट्टा, खाली के सदतीस. धुतली तरी वास जात नाही. त्यात प्यायचं पाणी भरावं का? इथे माहितीचे लोक आहेत, कुणी सांगावं.

रत्नाबाईंनी दोनदा वाचलं. ठेक्यावरच्या बाईला कुठली कंपनी ओळखपत्र देते? जिला ओट्याची सगळ्यात जास्त गरज, तीच नियमाने पहिली बाहेर. त्यांनी नवसीने दिलेला कारखान्याचा नंबर लावला, पण सुट्टी संपली होती आणि उचलणाऱ्याने ठेक्यावरच्या बायांना फोन देत नाही म्हणून आपटून ठेवला. साहेबांनी तो मजकूर नुसता मोजून पुसला होता, वाचला नव्हता, एवढं रत्नाबाईंच्या लक्षात आलं. रसायनांतलं साहेबांना कळतं म्हणून त्यांना फोन लावला, तर ते सोमवारपर्यंत बाहेरगावी गेलेले; मधले दोन दिवस रत्नाबाईंनी कसेबसे काढले.

सोमवारी अकराच्या सुमारास साहेब आले. रत्नाबाईंनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि पडद्यावर मजकूर उघडला. ते वाचू लागले. के सदतीसपाशी त्यांचे डोळे थांबले आणि पुढे सरकेनात.

"यात पाणी कोण भरतं?" त्यांनी विचारलं.

"नवसीच्या पाड्यावरचे लोक. का हो?"

"भरू नये. कितीही धुतलं तरी भरू नये." त्यांनी चष्मा काढला. "वहिनी, हे पिंप आमचं आहे. रिकामं झालं की भंगारात जातं, पुढे आमचा संबंध नाही. पण हे तुमच्या फळ्यावर राहिलं तर आमच्यावर शेकेल. पुसून टाका. बाईला तुम्ही खासगीत सांगा."

या माणसाने मोडेम दिलं, मशीन बिघडल्यावर रविवार घालवून ते दुरुस्त केलं, हे रत्नाबाई विसरल्या नव्हत्या. वाईट माणूस नव्हता तो. पण संताप चढायचा तो चढलाच.

"प्लॉटवाल्याला हाकलायला मी तुमच्या बरोबर होते, साहेब," त्या म्हणाल्या. "तो खोटं सांगत होता म्हणून. ही खरं विचारतेय, हिला मी हाकलणार नाही. आणि अशी पिंपं काय एकाच पाड्यावर गेलीत?"

साहेबांनी आवाज चढवला नाही. मोडेम माझं आहे, एवढंच म्हणाले. रत्नाबाईंनी टेबलाच्या खणातून पेचकस काढला आणि त्यांच्या हातात दिला. तारा त्यांनी स्वतःच सोडवून दिल्या, वर पुसायला फडकंही दिलं. मोडेम काखेत मारून साहेब जिना उतरले आणि ओटा बंद पडला.

फोन मात्र रत्नाबाईंच्या नवऱ्याच्या नावावर होता, तो कुणाला नेता येत नव्हता. बारा वाजता सुट्टी झाली तशी त्यांनी पॅकिंगच्या कारखान्याचा नंबर लावला आणि इतका करडा आवाज काढला की पलीकडच्याने निमूटपणे नवसीला बोलावलं. त्यांनी तिला सगळं सांगितलं, पिंपं आजच्या आज रिकामी करा म्हणून बजावलं. नवसीने नीट ऐकून घेतलं.

"आज अर्ध्या पाळीनं सुटते आनि जाऊन सांगते, बाई. सहा पिंपां हायेत," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "माजा नाव तुमी काढून टाकलाव का? मी पुन्ना लावला तर आत घेतला नाय."

"चुकून बंद झालं होतं. तुझं नाव आहे. बेचाळिसावं."

फोन ठेवून त्यांनी ते वहीत खरोखर लिहिलं. मोडेम नाही तर नाही. वहीतलं पहिलं पान काढून त्यांनी एकेक नंबर फिरवायला सुरुवात केली. प्रत्येकाला सांगत होत्या की ओट्यावर नवसी नावाच्या बाई आल्या आहेत, त्यांनी असं असं विचारलंय आणि त्याचं उत्तर 'पाणी भरू नका' असं आहे. वकिलांनी पिंपाचा नंबर लिहून घेतला. गुरुजींनी शाळेत सांगतो म्हटलं. दोघा इंजिनिअरांनी हे तुम्हाला कुणी सांगितलं म्हणून विचारलं आणि उत्तर ऐकून गडबडीने फोन ठेवला. त्यांना दुपारी पुन्हा करायचं रत्नाबाईंनी ठरवून टाकलं.

सातवा नंबर दादूभाऊंचा होता. ते पहिल्यांदा हसले, कॉम्प्युटर सोडून तोंडानेच चालू केलंत का ताई, म्हणाले. मग त्यांनी पिंपाचा रंग पुन्हा विचारला. जरा थांबा म्हणून फोन बाजूला ठेवला. माहीमच्या वाडीतली कोंबडी ओरडलेली रत्नाबाईंना ऐकू आली, दाराची कडी ऐकू आली.

"ताई," दादूभाऊंचा आवाज आला, "लाल पट्टा हाय. खाली के सदतीस. आमी दिवाळीपास्ना यातलंच पाणी पितो."