पितळी गुंडातलं थेटर

आता जे लिहितो आहे त्यावर कोणाचा विश्वास बसणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. मी स्वतः तिथे हजर नसतो तर मीही मला खोट्यात काढलं असतं.

आमच्या अड्याळच्या घरात घिनोचीवर, म्हणजे पाण्याची भांडी ठेवायच्या ओट्यावर, पाणी भरायचा एक पितळी गुंड असायचा. लग्नात सासऱ्यांनी दिलेला, भंडाऱ्याहून खास ठोकून आणलेला, गळ्याखाली 'सत्यभामा, सानगडी' असं कोरलेला. सत्यभामा म्हणजे आमच्या घरची. सणावाराला ती तो चिंच लावून स्वतः घासते, मला हात लावू देत नाही. लग्न झाल्यापासून तिचं एकच म्हणणं, "या गुंडाले काही झालं तं मी सानगडीले जाईन, अन् मंग तुम्ही तुमचं जेवण पाहून घेजा." हे ती रागाने म्हणत नाही. एसटीची वेळ सांगावी तसं सांगते. आणि मला साधा भात रांधता येत नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे.

मे महिन्यात तिच्या भाच्याचं लग्न निघालं. ती सानगडीला गेली तेव्हा सोबत एक पिशवी, एक फराळाचा डबा आणि एक पोतं होतं. पोतं मी डोक्यावर घेऊन स्टँडपर्यंत पोचवलं. बाई माहेरी काय नेते हे विचारू नये, म्हणून विचारलं नाही. एसटीच्या खिडकीतून ती म्हणाली, "घराकडे ध्यान ठेवजा. अन् ते डब्बी आली तं धनंजयले इचारल्याबिगर हात लावू नका."

डबी म्हणजे आमच्या धनंजयने नागपूरहून पाठवलेला कॉम्प्युटर. दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावजत्रेत, रात्रभर चालणारी झाडीपट्टीची नाटकं म्हणजे सत्यभामेचा जीव. पण आता गुडघ्यांपायी चटईवर बसवत नाही. तेव्हा पोराने ठरवलं, मायसाठी घरातच थेटर करायचं. कॉम्प्युटर निघाला सुपारीच्या डबीएवढा. मला वाटलं, पोरगा नुसता चार्जर पाठवून बसला. पण फोनवर म्हणाला, "बाबा, हेच आहे. टीव्हीच्या मांगं लावा. नाटकं, सिनेमे, सारं कार्डात भरून देलं."

एक वायर टीव्हीला, एक साउंड बॉक्सला, एक बोर्डाला. एवढ्या कामात अख्खी दुपार गेली. घराचं दार सताड उघडं होतं आणि मी टीव्हीच्या मागे डोकं घालून पालथा होतो. त्या वेळात घरात कोण आलं, कोण गेलं, काय घेऊन गेलं, हे मला सांगता येणार नाही. पण त्याचा पुढच्या हकिगतीशी काहीही संबंध नाही.

संबंध नाही तरी, सत्यभामा लग्न उरकून परत आली तेव्हा घिनोचीवर गुंड नव्हता.

दारापुढच्या सपरीत शेजारचा परसराम आणि पलीकडच्या घरची बेबीबाई लग्नाचे लाडू खायला आधीच येऊन बसले होते. सत्यभामेने पिशवी ठेवली, लाडवांचा डबा दोघांपुढे उघडून ठेवला, पोतं भिंतीला टेकवलं आणि बसली. "पाणी द्या जी," म्हणाली. मी माठातलं दिलं. प्याली, पदराने तोंड पुसलं आणि आत जायला उठू लागली.

"बस," मी म्हणालो. "आत जायच्या आधी तुले एक सांगायचं आहे. गुंडाबद्दल."

ती बसली. ही बाई गप्प बसली की मला फार बोलावं लागतं.

"डबी लावली," मी सुरुवात केली, "तं धनंजयनं बजावलं होतं का बाबा, ते गरम होते, थंड जागी ठेवजा. आता मे महिन्यात अड्याळात थंड जागा दाखव मले. कूलरची मोटर जळली. पंखा लू फेकते. मी घरभर हात लावून पाह्यलं. सारं तापलं होतं, एक तुझा गुंड सोडून."

"गुंडात टाकली का डब्बी?" बेबीबाईने विचारलं.

"टाकतो कायले? मी अडाणी आहो का? गुंड पाण्यानं भरला. पाण्यावर स्टीलचा डबा तरंगत सोडला, नावेसारखा. डब्यात ते डबी. वायरी गुंडाच्या तोंडातून टीव्हीकडे."

परसरामचा लाडू हातातच राहिला. "पाण्यात लाइटीचं काम? शॉक नाही लागला तुमाले, यादोभाऊ?"

"नावेत बसलेला माणूस वला होते का?"

परसरामने विचार केला आणि लाडू तोंडात टाकला.

मग मी त्यांना आवाजाचं सांगितलं. पितळेने आवाज असा धरला की साउंड बॉक्स काढून बाजूला ठेवावे लागले. नाटकातल्या नायकाने नुसता श्वास घेतला तर गावच्या तलावापलीकडचे बैल कान टवकारायचे. खलनायक हसला तेव्हा आमच्या मांजरीने घर सोडलं. अजून परत यायची आहे.

"मांजर तं काल माह्या घरी होती," बेबीबाई म्हणाली.

"तेच सांगून राहिलो. तुझ्या घरी काहून आली मंग?"

बेबीबाईने दुसरा लाडू उचलला. मी पुढे गेलो. डबी थंड राहिली, पण तिची गरमी कुठे तरी जाणारच. ती गेली पाण्यात. देवाधर्माचा सिनेमा लावला तर पाणी बारक्या पोराच्या आंघोळीपुरतं कोमट. मारामारीचा लावला तर हात घालवत नाही.

"अन् सिरियल?" परसरामने विचारलं. त्याच्या घरी रोज संध्याकाळी सिरियल असते.

"सिरियलनं उकळी काही येत नाही, पण खाली उतरवताही येत नाही."

परसरामने मान डोलावली. हा माणूस माझ्या बाजूने झाला, हे मी ओळखलं. सत्यभामेच्या चेहऱ्यावर मात्र काहीच नव्हतं. मी भाताकडे वळलो.

"मंग मी म्हटलं, एवढी वाफ फुकट काहून घालवावी? गुंडाच्या तोंडावर भाताचा गंज ठेवला, त्यात तांदूळ. नाटक लावलं. दुसऱ्या अंकात तांदूळ फुगले, तिसऱ्यात शिजले."

"तुम्ही भात केला?" सत्यभामेने विचारलं.

"मी नाही वो. नाटकानं केला."

"मोकळा झाला होता का गिचका?"

"मोकळा. नाटक चांगलं होतं."

मला वाटलं, तिला पटतंय.

"आता चूक कुठं झाली ते आयक. तिसऱ्या अंकात नायक मरते. असा मेला, असा मेला, का मले राहवलं नाही. मी ओरडलो, 'वन्स मोर!' मंडईत आपण ओरडतोच. पण या डब्यांले आता बोललेलं समजते. नायक उठला, धोतर झटकलं अन् पयल्यापासून मेला. मी परत 'वन्स मोर'. तो परत मेला. मी काही सोडलं नाही, त्यानंही सोडलं नाही. शेवटी तो उठून बसला अन् टीव्हीतून मले म्हणते, 'काका, माह्यं सोडा, भात पाहा.'"

बेबीबाईने पदर तोंडाला लावला. रडत असावी.

"मी वळून पाह्यलं तं गुंड थरथरून राहिला होता. गंज तोंडावर चिपकलेला, वाफेले जागा नाही. मी वायर ओढली. डबी हातात आली, ते पाहा टीव्हीजवळ ठेवली आहे, काही झालं नाही तिले. पण गुंड निंगाला. घिनोचीवरून उठला. दार सताड उघडं होतं, त्यातून बाहेर. अंगणातून वर, छपराच्या कवेलूंवरून, सीधा तलावावर. गंज तिथंच पडला, तो मी घासून ठेवला. गुंड मात्र तलावाच्या मधोमध थांबला."

"हवेत?" परसरामने विचारलं.

"हवेतच ना. थांबला, जागच्या जागी फिरला. उन्हात अक्षरं चमकली. सत्यभामा, सानगडी. मी काठावरून वाचली. त्यानंही वाचली असंन, कारण लगेच वळला अन् उगवतीकडे चालला गेला. उगवतीकडे काय आहे, परसराम?"

"साकोली," परसराम म्हणाला. "अन् सानगडी."

"हा!" मी सत्यभामेकडे वळलो. आता सगळं तिच्यावर होतं. ती उठून पुन्हा सानगडीची एसटी धरते की चूल पेटवते, हे पुढच्या एका वाक्यावर ठरणार होतं, म्हणून ते मी शक्य तेवढ्या मऊ आवाजात म्हणालो. "धनंजयची माय, गुंडाले काही झालं नाही. पोचा नाही, चीर नाही. हरवला नाही, कोणी चोरला नाही. तुह्या मांगं मांगं तो माहेरी गेला. तूच सांग या दोघायले. तुले सानगडीले दिसला नाही का?"

सत्यभामेने माझ्याकडे पाहिलं.

"दिसला ना," ती म्हणाली.

परसरामने माझ्याकडे भक्ताने पाहावं तसं पाहिलं. सगळ्यांत जास्त दचकलो तो मी.

सत्यभामा उठली. भिंतीला टेकवलेल्या पोत्याची सुतळी सोडली, आत दोन्ही हात घातले आणि गुंड काढून माझ्यापुढे ठेवला. घासलेला, लखलखीत, नाव माझ्याकडे.

"खोटं!" ती म्हणाली, इतक्या मोठ्याने की तलावापलीकडे गेलं असेल. "पयल्या शब्दापासून खोटं! लग्नाच्या मांडवात पाणी ठेवायले मीच नेला होता गुंड. उडत नाही गेला, या पोत्यात गेला. डोक्यावर घेऊन स्टँडपर्यंत तुम्हीच सोडला, अन् रस्ताभर बोंबलत होते, मान मोडली म्हणून! आता भरा यात पाणी, सोडा ते डबी, लावा तुमचं नाटक. भात होते तोवर मी इथंच बसून पाहीन."