कोरडवाहूची खूण

मी एक जुना, बंद पडलेला संगणक आहे. बंद पडलेला म्हणणंही खोटंच, मला बंद केलं. नागपूरच्या काटोल रोडवर एक कापूस संशोधन केंद्र आहे, त्याच्या गोदामात मी पडून आहे. एका बाजूला युरियाची पोती, दुसऱ्या बाजूला मोडकं वखर. मित्रांनो, एके काळी माझ्या खोलीत चपला काढून यावं लागे, हे आता सांगूनही कोणाला पटणार नाही.

१९६८ साली मी आलो तेव्हा बघायला अख्खं केंद्र लोटलं होतं. चार कपाटांएवढा माझा देह, आणि खास माझ्यासाठी थंड हवेचं यंत्र. मे महिन्यात साहेबलोकांना माझ्याकडे भारी कामं निघायची! माझं खाणं म्हणजे जाड कागदाची कार्डं. कोणत्या वाणाला किती कापूस आला, ते भोकं पाडून कार्डावर उतरवायचं. मी भोकं वाचायचो आणि तक्ता छापून द्यायचो. ही कार्डं पाडायची प्रेमिला.

प्रेमिला ही केंद्रातल्या धोंडबा मजुराची लेक. छप्पन साली दीक्षेच्या दिवशी धोंडबाने तिला खांद्यावर बसवून नेलं होतं, आणि परत येताना ठरवून टाकलं होतं की हिच्या हाती विळा द्यायचा नाही. पोरगी मॅट्रिक झाली, टायपिंग शिकली आणि माझ्यासमोर येऊन बसली. पहिल्या दिवशी धोंडबा दाराबाहेर उभा राहून काचेतून नुसता बघत होता. आत ये म्हटलं तरी आला नाही, पाय मातीचे होते म्हणे.

बहात्तरच्या दुष्काळात सगळं शेत करपलं, तेव्हा धोंडबाला एक झाड बोंडांनी लगडलेलं दिसलं. त्याने त्याची सरकी, म्हणजे कापसाचं बी, वेगळं काढून केंद्राच्या मोठ्या साहेबांना दाखवलं. साहेब भला माणूस. त्याने त्या वाणाला एकोणीस नंबर दिला आणि सांगितलं, दहा हंगाम चाचणी घेऊ. टिकला तर वाण मान्य होईल आणि शोधणारा म्हणून धोंडबाचं नाव कागदावर चढेल. तेव्हापासून त्या माणसाचा जीव त्या नंबरात अडकला.

एकोणीस नंबर दर वर्षी विनापाण्याच्या तुकड्यात पेरला जाई. बाकीचे बरेच वाण ओलिताचे. छापील फॉर्मवर हा फरक लिहायला जागाच नव्हती. मग प्रेमिलाने युक्ती काढली. कोरडवाहू तुकड्याचं कार्ड असलं की हातपंचाने वर एक जादा भोक पाडायचं. ते भोक दिसलं की मी त्या वाणाची तुलना फक्त कोरडवाहू वाणांशीच करायचो. ही गोष्ट तिला ठाऊक होती, मला ठाऊक होती. कागदावर ती कुठेही नव्हती.

त्र्याऐंशी साली नवा संगणक आला. टेबलावर मावणारा, टुणटुणीत. पण त्याला माझी भाषा कळेना, आणि केंद्राचे सगळे प्रोग्रॅम माझ्या भाषेतले. यावर तोड निघाली. असा एक प्रोग्रॅम घ्यायचा, की जो नव्या संगणकाला माझं सोंग घ्यायला लावेल. नव्याच्या पोटात जणू मीच चालेन. असे दोन प्रोग्रॅम समोर आले. एक चपळ, चार मिनिटांत तक्ता देणारा. दुसरा माझी बारीकसारीक सवयही सोडत नव्हता, म्हणून त्याला चाळीस मिनिटं लागत. निवड करायची होती विभागप्रमुख रुपरावजींना.

"प्रेमिलाबाई, दोन्ही प्रोग्रॅमची परीक्षा पाहाले मुंबईचे पाहुणे येऊन राहिले," रुपरावजी म्हणाले. "हे मळके, झिजलेले कार्डं त्यांच्यासमोर नका ठेवू. नवे कोरे काढून घ्या."

घरी पाहुणा आला की आपण फुटका कप मागे सारतो, तसंच हे. प्रेमिलाने फॉर्म बघून दोनशे कोरी कार्डं पाडली. हातपंच काही उचलला नाही. "नमुन्यापुरतेच तं आहेत," ती शेजारच्या कौशल्याला म्हणाली.

त्या कोऱ्या कार्डांवर दोन्ही प्रोग्रॅमांनी एकच उत्तर दिलं. "मंग चाळीस मिनिटं काहून बसाचं?" रुपरावजी हसले, आणि चपळ प्रोग्रॅम पास झाला. मला ओरडावंसं वाटत होतं. पण मला बोलायला छपाईयंत्र लागतं, ते त्यांनी सकाळीच सोडवून नेलं होतं.

मला गोदामात टाकलं. दहा हंगामांचा शेवटचा तक्ता नव्या संगणकाने छापला. जुन्या कार्डांवरचं जादा भोक त्याने कचरा समजून सोडून दिलं. ओलिताच्या वाणांच्या रांगेत एकोणीस नंबर तळाला गेला. हुकूम निघाला, नापास वाणांची सरकी बैलांना घाला.

प्रेमिलाचा तक्त्यावर विश्वास बसेना. तिने जुनी कार्डं घेतली आणि अकरा दिवस हाताने हिशेब मांडला. बाराव्या दिवशी दुपारी ती धावत गोठ्याकडे आली. गोठा माझ्या भिंतीला लागून आहे, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"बाबा, तुमचा एकोणीस नंबर पयला आहे. दहापैकी नऊ हंगाम पयला. चूक माही आहे, नव्या कार्डावर म्या खूणच नाई पाडली."

"पयला?" धोंडबा म्हणाला.

"सरकी काढा बाबा. मी साहेबाले दाखवते."

"संपली वं बाई. परवाच शेवटचं पोतं भिजवलं. मीच चारली बैलाईले."

"घरी एखादी मूठ तरी असन?"

"केंद्राची सरकी घरी काहून नेऊ? पोतं झटकून परत केलं म्या."

मित्रांनो, तीस वर्षांत त्या माणसाने केंद्राचं एक बोंडही घरी नेलं नव्हतं. प्रेमिला तिथेच शेणात बसली आणि हमसून हमसून रडली. धोंडबा तिची समजूत घालत होता. "रडू नको. तू शिकली म्हणून समजलं तरी, पयला होता म्हणून. नाईतं मी नापासच समजून मेलो असतो."

मला पुन्हा चालू करा, असं मी म्हणत नाही. माझं वय झालं. पण जुन्याच्या जागी नवं बसवाल तेव्हा त्याची परीक्षा रोजच्या मळक्या कामावर घ्या, आणि जुनं मोडण्याआधी त्यावर राबलेल्या हातांना एकदा विचारा. धोंडबा पुढच्या उन्हाळ्यात गेला. त्याचं नाव कोणत्याच कागदावर चढलं नाही, म्हणून ते तुम्हाला सांगून ठेवलं.