ऑर्फा स्टिडमची गिटार विकणे आहे

रेडिओ स्टेशनच्या पायऱ्या चढताना आईनं गिटारची पेटी कुणाच्या हातात दिली नाही, तेव्हाच केंड्राला खटकलं होतं. नुसती मुलाखत द्यायची तर गिटार कशाला?

गळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आई, म्हणजे ऑर्फा स्टिडम, लोकांसमोर गायली नव्हती. गाठ निघाली, जीव वाचला. पण केंटकीच्या या डोंगरातून थेट गाणाऱ्यांच्या पंढरीपर्यंत, नॅशव्हिलपर्यंत पोचलेला तो उंच, धारदार आवाज काही परत आला नाही. घरी भांडी घासताना ती एकटीच प्रयत्न करायची. वरच्या सुराला गेली की आवाज फाटायचा, आणि मग बराच वेळ नुसतं नळाचं पाणी ऐकू यायचं. पलीकडच्या खोलीत बाळाला थोपटत केंड्रा ते सगळं ऐकत असे. कॉलेजात शिकलेली मुलगी. गळ्याच्या नसांबद्दल मिळेल ते तिनं वाचून काढलं होतं, आणि जितकं वाचलं तितकी धास्ती वाढली होती. अजून जोर लावला आणि आहे तोही आवाज गेला तर?

“गाणार नाहीयेस ना?” तिनं दारात पुन्हा विचारलं.

“किती वेळा विचारशील गं? नाही गाणार. पोरीचं टोपडं सारखं कर, कान उघडा पडलाय.”

आत डेल्मर फ्युगेट कॉफीचा मग घेऊन तयारच होता. गावातल्या मयताच्या बातम्या, हवामान, शाळेच्या मॅचचा निकाल, सगळं सकाळी त्याच्याच तोंडून खोऱ्याला कळायचं. केंड्रा बाळाला घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर टेकली. पोरगी रडली तर रडू दे, रेडिओवर कोंबडेसुद्धा आरवून गेलेत, असं म्हणून त्यानं मायक्रोफोन पुढं ओढला.

“ऑर्फाताई, या खोऱ्यातली निम्मी पोरं तुमच्या गाण्यावर झोपी गेलीत.”

“आणि उरलेली निम्मी माझ्यामुळं दचकून उठलीत. त्यांच्या आया अजून शिव्या घालतात मला.”

डेल्मर खो खो हसला. मग जुन्या गोष्टी निघाल्या. कोळशाच्या ट्रकवर उभं राहून केलेला कार्यक्रम, स्टेजवर एका पायात एक आणि दुसऱ्या पायात दुसराच बूट घालून गेलेला बँजोवाला एल्झी. आई रंगात आली होती. केंड्राचे खांदे जरासे सैल पडले.

“मग आता परत कधी?” डेल्मरनं विचारलं. “शनिवारी फायर स्टेशनच्या हॉलमध्ये सगळे जमणारेत. एल्झी म्हणतो, तुमची खुर्ची रिकामीच ठेवतो.”

“खुर्ची दुसऱ्या कुणाला दे म्हणावं. संपलं ते.” ऑर्फानं पेटीच्या कड्या उघडल्या. “मी आज वेगळ्याच कामाला आलेय. यानंतर तुझी ‘देवघेव’ लागते ना? माझी गिटार विकायला लाव.”

केंड्रा उठून उभीच राहिली. हे तिला माहीत नव्हतं. आईनं गाऊ नये असं तिला वाटत होतं खरं, पण घरातून गिटारच जावी असं तिनं कधी चिंतलं नव्हतं.

डेल्मरनं कॉफी बाजूला ठेवली. ‘देवघेव’मध्ये लोक फोन करून जुनी टायरं, बरण्या, शिकारी कुत्र्यांची पिल्लं विकायचे, पण ऑर्फा स्टिडमची गिटार! तेवढ्यात फोनचा दिवा लुकलुकला, आणि त्यानं सवयीनं बटण दाबलं.

“मला चार कोंबड्या द्यायच्यात,” एक बाई म्हणाली. “पण ते राहू दे. ऑर्फा, तुझं डोकं फिरलंय का गं?” आणि फोन आपटला.

दुसरा फोन ओढ्याच्या पार वरच्या टोकाला राहणाऱ्या आर्ली नेपियरचा होता. “गिटार मी घेईन. पण न ऐकता नाही. वाजवा बघू.”

ऑर्फानं चार सूर छेडले.

“गिटारच्या दांड्यावर चिमटा लावलाय ना? तो काढा. चिमट्याआड गिटारची खोड लपते.”

“माझ्या गिटारला खोड?” ऑर्फाचा पारा चढला.

तारा दाबून सूर चढवणारा तो लोखंडी चिमटा तरुणपणापासून चौथ्या पट्टीवर ठाण मांडून होता. त्याच्याखालचं लाकूडसुद्धा झिजलं होतं. तिची गाणी त्या उंच सुरातलीच, हे तिनंही धरून चाललं होतं आणि खोऱ्यानंही. घरी आवाज फाटायचा तोसुद्धा त्याच उंचीवर. तिनं रागारागानं चिमटा उपटून टेबलावर टाकला आणि मोकळ्या तारांवरून हात फिरवला. खोल, भरलेला आवाज आला.

“हं, बरी आहे. आता गळ्याबरोबर कशी लागते ते कळू द्या. भिंतीला टांगायला नाही घेत मी.”

डेल्मरनं केंड्राकडं पाहिलं. त्याचं बोट जाहिरातीच्या बटणावर होतं. तिनं नुसती मान हलवली असती तरी त्यानं मध्येच जाहिरात लावली असती. आईच्या गळ्यावरचा व्रण हलताना तिला दिसत होता. आई गिटार मांडीवर सावरून घेत होती. तिला थांबवावं? केंड्रानं बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि मान तशीच ठेवली.

*पुलापलीकडं दिवा लाव गं, चालत येतेय मी…*

पहिली ओळ बोलल्यासारखीच आली, खालून. मग धृपद जवळ आलं, जिथं आवाज दर वेळी फाटायचा ती जागा. केंड्राच्या पायाची बोटं बुटात आवळली गेली. आवाज किंचित थरथरला, एक शब्द पार गिळला गेला; पण ऑर्फानं श्वास घेतला आणि पुढचा शब्द उचलला. फाटला नाही. जुना आवाज नव्हताच तो. खडबडीत होता, दमदार होता, आणि जाईल तिथं पाय रोवून उभा राहत होता.

गाणं संपल्यावर आर्लीनं खाकरून गळा साफ केला. “मग? कधी येऊ न्यायला?”

“विकायची नाही.”

“अहो बाई, आत्ताच तर म्हणालात!”

“तेव्हा मी ऐकली नव्हती.”

“मग मी काय इतका वेळ फोन कानाला लावून झक मारली? तो चिमटा तरी द्या!”

“चिमटा खुशाल न्या. डेल्मरकडं ठेवून जाते.”

गाडीत बाळाचा पट्टा लावून झाल्यावर केंड्रानं पाण्याची बाटली पुढं केली. “दुखतोय गळा? खरं सांग.”

“दुखतोय. चढ चढल्यावर पोटऱ्या दुखतात तसा.”

“डॉक्टरांना विचारल्याशिवाय शनिवारचं काही ठरवायचं नाही.”

“विचार की. पण आधी एल्झीच्या घराकडं वळव. सगळं खालच्या सुरात बसवायचंय त्याला.”

एल्झी ओसरीवरच उभा होता, गळ्यात बँजो अडकवून. घरातला रेडिओ अजून चालूच होता. गाडीची काच खाली व्हायच्या आतच तो ओरडला, “त्या सुरात माझा बँजो बैलासारखा हंबरतो, ऑर्फा!”

“हंबरू दे,” ऑर्फा दार उघडत म्हणाली. “मला सोबत होईल.”

केंड्रानं इंजिन बंद केलं.