नव्वदच्या वर

"अठ्ठावन्न? अगं निकिता, अठ्ठावन्नचा रिपोर्ट घेऊन माझ्याकडे येतेस तू?"

संगणकाच्या पडद्यावर वरच्या कोपऱ्यात व्याकरणाच्या गुणांचा तो आकडा लाल गोलात बसला होता आणि खाली पानभर लाल रेघा उमटल्या होत्या. मालिनी क्षेमकल्याणी खुर्चीमागे उभी राहून बघत होती. खुर्चीत बसलेली निकिता भोये मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होती. सुरगाण्याकडची मुलगी. अंबडच्या एका कारखान्यात प्रेसशॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या विभागात, ती ट्रेनिंग करत होती आणि आठवड्यातून एकदा रिपोर्ट लिहायला कॉलेजात येत होती.

"मॅडम, तुम्ही एकदा वाचून बघा ना. त्या प्रेसच्या बटणाचं हाय त्याच्यात..."

"वाचेन. आधी नव्वदच्या वर आण, मग वाचेन. नियम सगळ्यांना सारखा."

हा नियम मालिनीनेच केला होता. एकोणीस वर्षं ती त्या कॉलेजात इंग्रजी शिकवत होती, पण कायम कधीच झाली नव्हती. दर जूनला नेमणुकीची नवी ऑर्डर यायची आणि मग वर्षभरासाठी जीव भांड्यात पडायचा. दर आठवड्याला एकशे ऐंशी रिपोर्ट तपासून तिचं मनगट दुखायचं, डोळे चुरचुरायचे. त्याच त्या चुका, तेच ते क्रियापद. म्हणून व्याकरण तपासणारं सॉफ्टवेअर घ्यावं यासाठी दोन वर्षं ती प्राचार्यांच्या मागे लागली होती. ते आलं तेव्हा स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं होतं, "मुलं काय शिकणार त्यात? शिकणार ते मशीन." त्यावर मालिनी अर्धा तास भांडली होती. पेठ-सुरगाण्याची मुलं इंग्रजीत अर्ज लिहायला घाबरतात, वर्गात कुणी हसेल म्हणून तोंड उघडत नाहीत. त्यांच्या चुका चारचौघांत न दाखवता कुणी दुरुस्त करत असेल तर वाईट काय त्यात? आणि ते खरंच होतं. या वर्षी सहा मुलांनी पहिल्यांदा स्वतःहून नोकरीचे अर्ज पाठवले होते.

"मॅडम," निकिताने पुन्हा हाक मारली. मालिनी तोवर शेजारच्या संगणकाकडे वळली होती. "हे म्हणतंय का वाक्य लय कडक हाय. सौम्य करू का, असं विचारतंय."

"विचारतंय तर कर. कंपनीला जातो रिपोर्ट. भांडण नाही लिहायचं त्यात."

निकिताचा हात माऊसवर थोडा वेळ तसाच राहिला. मग एकेक रेघ पुसली जाऊ लागली. त्रेसष्ट. एक्काहत्तर. चौऱ्याऐंशी. गोल लालचा पिवळा झाला, पिवळ्याचा हिरवा. त्र्याण्णव.

"बघ, जमलं की नाही?"

"पण मॅडम, मला म्हणायचं होतं ते आता तसं राहिलं नाय."

"छान झालंय. प्रिंट काढ."

कागद प्रिंटरमधून गरम बाहेर आले. मालिनीने वरचा आकडा पाहिला, शेवटच्या पानावर सही केली, कॉलेजचा शिक्का मारला. एक प्रत कॉलेजला, एक कंपनीला. दारात आणखी अकरा मुलं उभी होती. निकिता काहीतरी बोलणार होती, पण मागच्या मुलाने "चल ना" म्हटलं आणि ती बाजूला झाली.

त्यानंतरच्या दोन आठवड्यांत निकिताचे रिपोर्ट पहिल्या फटक्यात नव्वदच्या वर येऊ लागले. वाक्यं गुळगुळीत, सगळी सारख्या लांबीची. मालिनीने वर्गात तिचं नाव घेऊन कौतुक केलं. निकिता बाकावर बसून राहिली, हसली नाही. लाजली असेल, असं मालिनीला वाटलं.

तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला, तास चालू असताना मालिनीचा फोन तीनदा वाजला. तिसऱ्यांदा ती वर्गाबाहेर आली.

"मॅडम, छायाताईचा हात गेला."

"कोण छायाताई? निकिता, तू कुठे आहेस?"

"प्रेसवरची छायाताई. मी तिच्याशेजारीच उभी होते. उजवा हात, चारी बोटं..." पुढचं रडण्यात बुडालं. मग आवाज एकदम सपाट झाला. "मी लिव्हलं होतं ना मॅडम. तुम्हाला दिलं होतं ना मी लिहून."

मालिनी व्हरांड्यात कठड्याला धरून उभी राहिली. तिने काय उत्तर दिलं ते तिला नंतर आठवेना.

दुसऱ्या दिवशी निकिता आली तेव्हा तिने सगळं सांगितलं. त्या प्रेसला दोन बटणं होती, दोन हातांसाठी. दोन्ही दाबली तरच प्रेस खाली यायची, म्हणजे त्या वेळी हात आत असणं शक्यच नाही. पण तसं केलं की काम हळू होतं. म्हणून एका बटणात लाकडाची पाचर ठोकून ते कायमचं दाबून ठेवलं होतं. एका हाताने बटण, दुसऱ्या हाताने आतला पत्रा काढायचा. छाया खैरनार आठ वर्षं त्या मशीनवर होती. तिला भीती वाटायची, पण बोलायची सोय नव्हती.

"मी सुपरवायझरला सांगितलं. तो म्हणला, ट्रेनी आहेस, ट्रेनीसारखी राहा. म्हणून मग लिहून काढलं. म्हटलं, कॉलेजचा शिक्का असला का त्यांना बघावंच लागंल."

"मला तोंडी का नाही सांगितलंस?"

निकिताने तिच्याकडे पाहिलं. "सांगत होते की."

शुक्रवारी ट्रेनिंग विभागाचे महेश सर मालिनीला त्यांच्या खोलीत घेऊन गेले. त्यांच्या हातात कंपनीचं पत्र होतं आणि चेहऱ्यावर सुटकेचा भाव होता.

"बसा मॅडम. घाबरू नका, आपल्याला काही त्रास नाही. सरकारी चौकशी लागली आहे, पण कंपनीने बाजू पक्की मांडली आहे. ऑपरेटर बाईचं लक्ष नव्हतं, असं त्यांचं म्हणणं. आणि पुरावा म्हणून काय जोडलंय बघा. आपल्या निकिताचा रिपोर्ट!"

मालिनीने तो कागद हातात घेतला. वर त्र्याण्णव. खाली तिची सही. मधलं इंग्रजी ती पहिल्यांदा वाचत होती. 'दोन बटणांच्या यंत्रणेचा वापर उत्पादनाची गरज लक्षात घेऊन लवचिकपणे केला जातो. चालकाच्या सोयीच्या दृष्टीने यात भविष्यात सुधारणेला वाव असू शकतो. एकंदर सुरक्षा व्यवस्था समाधानकारक असून पर्यवेक्षकांचे सहकार्य लाभते.' एकही चूक नव्हती. स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी.

"हे तिने लिहिलेलं नाही," मालिनी म्हणाली.

"सही तुमची आहे मॅडम."

"मूळचं वेगळं होतं. सॉफ्टवेअरमध्ये जुन्या प्रती राहतात."

महेश सरांनी पेपरवेट उचलून पुन्हा होता तिथे ठेवला. "हो, राहतात. सत्र संपलं की आपण पुसतोच त्या. या वेळी जरा लवकर पुसू. येत्या सोमवारी सांगतो मी तसं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "दरवर्षी आपली बावीस मुलं तिथे लागतात. आणि तुमची ऑर्डर जूनमध्ये निघते. मी काही सुचवत नाहीये. फक्त लक्षात असू द्या."

तिथून ती सरळ संगणकाच्या प्रयोगशाळेत गेली. दुपारची वेळ, खोली रिकामी, पंखे बंद. निकिताच्या खात्यात तीन आठवड्यांपूर्वीची पहिली प्रत होती. अठ्ठावन्न. लाल रेघा अजून तशाच होत्या. मालिनी खुर्चीत बसली आणि पहिल्या शब्दापासून वाचू लागली.

मोडकंतोडकं इंग्रजी होतं, पण अर्थ कुणालाही कळावा असा. एक बटण लाकडाने नेहमी दाबलेलं आहे. म्हणून एक हात मोकळा राहतो आणि आत जातो. फार धोका आहे. कोणाचा तरी हात कापणार. सुपरवायझरला माहीत आहे, तो ऐकत नाही. छायाताईला मुलगी आहे. कृपा करून कोणीतरी या आणि बघा.

'कोणाचा तरी हात कापणार' या वाक्याखाली रेघ होती आणि शेजारी सूचना: स्वर कठोर वाटतो. 'कृपा करून कोणीतरी या' पूर्ण खोडायला सुचवलं होतं. कारण दिलं होतं, मजकुराशी संबंध नाही.

मालिनीने दोन्ही प्रती छापून घेतल्या. तारीख-वेळेसकट, एकेक पान. बाहेर पडताना तिने कुलूप लावलं, आणि पुन्हा एकदा ओढून पाहिलं.

घरी, जेल रोडला, तिचे वडील गॅलरीत बसले होते. नोट प्रेसमधून निवृत्त होऊन त्यांना वीस वर्षं झाली होती. छापून आलेल्या नोटांच्या कागदांवर दोष आहे का ते बघण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. मालिनीने त्यांना काही न लपवता सांगितलं.

"एक होतं बघ माली, त्या कामात. काही तासांनी डोळे उघडे असतात, पण दिसत नाही काही. हात पान उलटतो, आपण तिथे नसतो. आमचे साहेब सांगायचे, तसं झालं की उठा, तोंड धुऊन या." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "तू उठली नाहीस."

"नाही, दादा."

"मग आता काय करणार?"

तिने पिशवीतून कागद काढून त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी चष्मा लावला. इंग्रजी त्यांना वाचता येत होतं. पहिली प्रत वाचून झाल्यावर त्यांनी दुसरीकडे हातही नेला नाही.

चौकशी अधिकाऱ्यांसमोर ती बुधवारी गेली. तोवर सोमवार उलटला होता, आणि महेश सरांनी सांगितल्याप्रमाणे जुन्या प्रती पुसल्या गेल्या होत्या. तिच्याकडचे कागद एवढेच उरले होते. अधिकारी पन्नाशीचे, शांत बोलणारे होते. शेजारी एक लिपिक जबाब टाइप करत होता.

"या रिपोर्टवर सही कोणाची?"

"माझी."

"वाचून केली होती?"

मालिनीने हातातले कागद टेबलावर ठेवले. "नाही. वरचा आकडा बघून केली."

लिपिकाची बोटं चालली. पान बाहेर आलं, तिच्यापुढे सरकवलं गेलं. मालिनीने ते ओळीवर बोट ठेवून वाचलं. तिसऱ्या ओळीशी ती थांबली.

"इथे 'नजरचुकीने स्वाक्षरी झाली' असं लिहिलंय."

"मॅडम, तसंच लिहितात," लिपिक म्हणाला. "तुमच्याच बाजूचं आहे. जरा बरं दिसतं."

"नजरचूक नव्हती. मुलीने सांगितलं होतं, वाचा म्हणून. मी वाचलं नाही आणि सही केली. तसं लिहा."

लिपिकाने साहेबांकडे पाहिलं. अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून मालिनीकडे क्षणभर बघितलं आणि मान हलवली. "त्या म्हणतात तसं लिहा."

निकाल लागायला पावसाळा उजाडला. छायाच्या बेफिकिरीमुळे अपघात झाला, हे कंपनीचं म्हणणं टिकलं नाही. पाचर ठोकलेल्या बटणाचा उल्लेख अहवालात होता, आणि सोबत निकिताची पहिली प्रत, चुकांसकट. कॉलेजात सॉफ्टवेअर चालूच राहिलं. नव्वदचा नियमही. मालिनीची ऑर्डर त्या जूनमध्ये निघाली नाही. कुणी कारण दिलं नाही, तिने विचारलं नाही.

निकिता पास झाली. जाताना ती मालिनीच्या घरी येऊन गेली. पाया पडली नाही, उंबऱ्याशीच उभी राहिली. "मॅडम, तुम्ही कागद दिले म्हणून ताईचं खरं झालं, ते मला ठाऊक हाय," ती म्हणाली. "पण तवा वाचलं असतं तर?"

निकिता उत्तरासाठी थांबली नाही.

निकालाचा कागद छायाला मिळाला, तेव्हा तो समजावून सांगायला या, असा तिचा निरोप आला. मालिनी सकाळीच चुंचाळ्याला गेली. पत्र्याच्या खोल्यांची रांग, मधोमध नळ. छायाच्या खोलीचं दार उघडं होतं. आत छाया पलंगाच्या कडेला बसली होती आणि तिची आठ-नऊ वर्षांची मुलगी पूजा गणवेशात तिच्यासमोर पाठमोरी, जमिनीवर. केसांचे तीन पेड पाडलेले. छायाच्या डाव्या हातात एक पेड होता, दुसरा तिने उजव्या हाताच्या उरलेल्या तळव्याखाली मुलीच्या पाठीशी दाबून धरला होता. तिसरा पूजाने स्वतःच मान न वळवता खांद्यावरून मागे हात नेऊन धरला होता.

"सोड," छाया म्हणाली. मुलीने सोडला.

"धर." मुलीने दुसरा धरला.

मालिनीचा हात नकळत पुढे आला होता. तिने तो मागे घेतला, चपला काढल्या आणि दाराबाहेरच थांबली. वेणी सावकाश खाली उतरत होती, जराशी डावीकडे कललेली. शाळेची घंटा कुठेतरी दूर वाजली, तरी दोघींपैकी कुणीच घाई केली नाही.

"सोड," छाया म्हणाली. "धर."