पुनर्विचाराचं उदाहरण

शब्दकोशाच्या कचेरीत बावीस वर्षं शब्दांचे अर्थ लिहिणाऱ्या बाईंचं टेबल मुख्य संपादकांनी खिडकीजवळून उचललं आणि थेट संडासाच्या दाराशी नेऊन ठेवलं. बाई तक्रार घेऊन गेल्या, तेव्हा संपादक म्हणाले, "लेखी अर्ज द्या, मी पुनर्विचार करीन." आणि मोठे उपकार केल्यासारखी त्यांनी मान डोलावली.

बाईंनी दोन पानी अर्ज लिहिला, पाकिटात घातला आणि पाकीट डिंकाने घट्ट चिकटवून दिलं. तिसऱ्या दिवशी पाकीट परत आलं. वर लाल शाईत लिहिलं होतं, "पूर्ण पुनर्विचार केला. निर्णय कायम." बाईंनी पाकीट उलटून पाहिलं. डिंक जसाच्या तसा होता. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, माणसाने निदान थाप मारताना तरी थोडे कष्ट घ्यावेत! इथे पाकीट फाडायचासुद्धा कंटाळा.

त्या आठवड्यात नेमकी 'प'ची पानं चालू होती. बाईंनी नाकाला पदर लावून अर्थ लिहिला: "पुनर्विचार करणे: घेतलेला निर्णय योग्य आहे का, हे पुन्हा नीट तपासून पाहणे." प्रत्येक अर्थाखाली वापराचं एक उदाहरण द्यायची तिथली रीत होती. तेही त्यांनी दिलं: "साहेबांनी पाकीट न उघडताच अर्जाचा पुनर्विचार केला."

पान मंजुरीसाठी संपादकांकडे गेलं आणि पाच मिनिटांत परत आलं. कोपऱ्यात तीच लाल शाई होती: "बारकाईने वाचले. छापावे."