मल्हारच्या उष्टावणाचा मेनू

माझ्या भावाच्या घरी एकशे वीस माणसांचा मेनू ठरत होता, आणि ज्याच्या पहिल्या घासासाठी हा सगळा खटाटोप, ते आठ महिन्यांचं पोर नुसत्या दुधावर होतं. शहाण्यांचं घर म्हणतात ते हेच. मुलुंडला चौदाव्या मजल्यावर फ्लॅट, फ्रिजवर बाळाच्या वजनाचा छापील तक्ता, आणि तक्त्यावरची रेघ दोन महिने आडवी पडलेली.

मी मंजुळा. भांडुपच्या डोंगरावरच्या वस्तीत बत्तीस वर्षं महापालिकेची आरोग्यसेविका म्हणून फिरले. सहा महिने पूर्ण झाले की आईच्या दुधाबरोबर वरचं मऊ अन्न सुरू करायचं, हे मी इतक्या बायकांना सांगितलं की पुढे पुढे त्या मला बघूनच पोराची वाटी पुढे करायच्या. दहा बाय दहाच्या खोलीत त्या पोरांना कुस्करलेला वरणभात मिळत होता. आमच्या मल्हारला मिळत नव्हता, कारण त्याचा मामा जहाजावर होता.

उष्टावणाचा पहिला घास मामाने भरवायचा, ही रीत. रीतीशी माझं भांडण नाही. पण मामा म्हणजे दिपेश, मालवाहू जहाजावर नोकरीला. सहाव्या महिन्यात तो आफ्रिकेच्या बाजूला कुठेतरी होता. सातवा महिना चालत नाही, कारण मुलाला सम महिना लागतो, विषम मुलींचा. पोटाला सम-विषम कळतं हे मला बत्तीस वर्षांत कोणी शिकवलं नव्हतं. मग आठवा ठरला. हॉल ठरला, चांदीची वाटी आली, व्हॉट्सॲपवर ग्रुप निघाला. त्या ग्रुपवर मागचा पडदा निळा की पिवळा यावर चार दिवस चर्चा झाली. पोराच्या वजनावर एक ओळ नाही.

या सगळ्याच्या मुळाशी माझी भावजय प्रेमा. तिची सून दिशा वेसाव्याच्या कोळ्यांची, मुलाने प्रेमविवाह केलेला. तेव्हा सुरुवातीला प्रेमाने नाक मुरडलं होतं, आणि आता त्याची भरपाई म्हणून व्याह्यांचा मान राखण्याचं तिच्या डोक्यात भूत शिरलेलं. "मामाला डावललं म्हणतील," एवढंच पालुपद.

मी सहाव्या महिन्यात एकदा बोलले होते. प्रेमा हसून म्हणाली, "वन्सं, ते वस्तीतल्या बायकांना ठीक आहे हो. आमच्याकडे डॉक्टर आहेत." मला राग आला, खोटं कशाला सांगू. म्हटलं, बरं बाई, आता विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. दर शनिवारी भांडुपहून बसने जायचे, चहा प्यायचे, पोराची मांडी चाचपून बघायचे आणि गप्प परत यायचे. मांडीचं मांस हाताला सैल लागत होतं. पण मला कोण विचारतंय.

आणि यांचे डॉक्टर. त्यांनी विचारलं, वरचं काय खातो? प्रेमाने ठोकून दिलं, "सगळं थोडं थोडं." रक्त कमी निघालं. डॉक्टरांनी लोहाचे थेंब लिहून दिले आणि खाणं वाढवायला सांगितलं. घरी येऊन यांनी पावडरच्या दुधाचा मोठा डबा आणला.

मागच्या शनिवारी मला केटररकडे चव बघायला नेलं. मोठ्यांचं मत लागतं म्हणे. मुलुंड पश्चिमेला परेशभाई नावाच्या माणसाचं स्वयंपाकघर आहे. टेबलावर छोट्या वाट्यांतून पदार्थ मांडले होते: दोन तऱ्हेचं पनीर, मसालेभात, अळूवडी, बासुंदी. प्रेमा, मी, आणि मांडीवर मल्हारला घेऊन दिशा. प्रेमा प्रत्येक घासाला डोळे मिटून विचार करायची आणि म्हणायची, यात थोडं आंबट कमी. मल्हार तिच्या चमच्याकडे बघत होता. चमचा वर गेला की याचं तोंड उघडायचं. चमचा प्रेमाच्या तोंडात गेला की याचं मिटायचं. पुन्हा चमचा, पुन्हा आ. मी बासुंदीची वाटी खाली ठेवली.

परेशभाईच्याही ते लक्षात आलं. "बेन, याला थोडा वरणभात देऊ का? आत बिनमिठाचं वरण आहे, फोडणी नाही घातली अजून."

"नको हो," प्रेमा म्हणाली. "त्याचं उष्टावण व्हायचंय."

तेवढ्यात दिशाचा फोन वाजला. तिने वाचलं आणि हळूच म्हणाली, "दादाचा मेसेज आहे. त्याच्या जागेवर दुसरा माणूस आला नाही. महिनाभर उशीर होईल."

प्रेमाने हातातला चमचासुद्धा खाली ठेवला नाही. "मग नववा जाऊ दे. दहाव्यात करू. परेशभाई, तारीख बदलेल हं."

माझं डोकं फिरलं. "प्रेमा, पोर पेन्शनीत निघाल्यावर घास भरवणार का तू?" म्हटलं, आणि दिशाच्या हातून फोन घेऊन सरळ दिपेशला लावला. लागला. इंजिनाचा घरघराट ऐकू येत होता. मी म्हटलं, "दिपेश, तुझा भाचा आठ महिन्यांचा झाला. तुझ्यासाठी उपास करतोय. अजून किती थांबवू?"

"माझ्यासाठी?" तो म्हणाला. "आत्या, मी तर दोन महिन्यांपूर्वीच आईला बोललो, चालू करा यार, मी आलो की पुन्हा भरवीन. आई म्हणाली, त्यांच्याकडे मामाशिवाय घास घालत नाहीत, आपण मधे पडायचं नाही."

फोन स्पीकरवर होता. प्रेमाचं तोंड बघण्यासारखं झालं. "अगं, आम्ही तर त्यांच्यासाठी थांबलो होतो," ती म्हणाली. व्याही यांच्यासाठी थांबले, हे व्याह्यांसाठी थांबले, आणि दोन्हीकडच्या सभ्यपणात पोराचं रक्त आटलं. मला बरं वाटलं, हेही कबूल करते. चांगली जिरली म्हटलं.

परेशभाईने न सांगता वरणभात आणला. मी तो बोटांनी अगदी लोण्यासारखा कुस्करला आणि चमच्याच्या टोकावर घेतला. मल्हारने तोंड उघडलं. घास आत गेला आणि जिभेने ढकलून हनुवटीवर आला. पुन्हा दिला, पुन्हा बाहेर. तिसऱ्या वेळी त्याला ओकारी आली आणि तो रडायला लागला. पोराला भूक होती, पण चमच्यावरचं खायचं कसं ते शिकवलंच नव्हतं कोणी.

"बघ प्रेमा," मी म्हटलं, "दोन महिन्यांपूर्वी सुरू केलं असतं तर आज वाटीभर खाल्लं असतं त्याने. डोळ्यांसमोर पोर सुकत होतं आणि कोणाला दिसलं नाही."

बोलली ती दिशा. मल्हारला खांद्यावर थोपटता थोपटता, आवाज न चढवता.

"आत्या, मला खरंच काही कळत नव्हतं. सासूबाई म्हणायच्या थांब, आई म्हणायची थांब. मग मी तुमच्याकडे बघायचे. तुम्ही दर शनिवारी त्याची मांडी चाचपायचात. मी मनात म्हणायचे, एवढी पोरं बघितलेली बाई काही बोलत नाही, म्हणजे ठीक असेल."

मला पटकन म्हणायचं होतं, मला कोणी विचारलं नाही. शब्द अगदी ओठांवर आले होते. वस्तीत मला कोणी विचारलं होतं? दारं ढकलून शिरत होते मी, शिव्या खाऊन सांगत होते. इथे प्रेमाच्या एका टोमण्यापायी दोन महिने चहा पीत बसले.

दिशाने माझ्या हातातला चमचा काढून घेतला. घास अर्धा केला आणि त्याच्या ओठांना नुसता लावून थांबली. बराच वेळ थांबली. मल्हारने ओठ चाटले, जीभ फिरवली, आणि थोडंसं गिळलं. मग तिने आणखी थोडं लावलं. तिने चमचा पुन्हा माझ्याकडे दिला नाही, आणि मी मागितलाही नाही.