देठ दिसता कामा नये

मित्रांनो, डोळे मिटा आणि समजा, तुम्ही तलावात पालथे तरंगत आहात. तोंड पाण्यात आहे. समोर हातभर अंतरावर पिवळसर, गोल असे काहीतरी डुलते आहे. तो मी. मी एक जुना, वाळलेला भोपळा आहे.

ढाणकीजवळच्या एका शेताच्या कुंपणावर मी वाढलो आणि वेलावरच वाळून टणक झालो. मग माझ्या गळ्याला दोरी आली. विहिरीवर पोहायला शिकणाऱ्या मुलांच्या पाठीवर मला बांधत. मी असलो की आया निर्धास्त असत. पुढे प्लास्टिकचे डबे आले. ते फुटत नाहीत. मी गोठ्यातल्या खुंटीवर गेलो आणि उंदरांनी माझी दोरी खाल्ली.

एके दिवशी प्रेमसिंग सरांनी मला खाली उतरवले. ते शाळेत खेळ शिकवतात. लहानपणी तेही माझ्याच भरवशावर पोहले. त्यांची विद्यार्थिनी खुशी बटरफ्लाय पोहते. त्यात दोन्ही हात एकदम पुढे फेकायचे आणि दोन्ही पाय जोडून माशाच्या शेपटीसारखे मारायचे. गेल्या वर्षी यवतमाळला निवडीच्या वेळी पन्नासपैकी तीस मीटरवरच तिने थांबून बाजूची दोरी धरली होती. यंदाही जमले नाही तर पोहणे बंद, असे घरून सांगून ठेवले होते.

"काहून थांबली होती व तू?" सरांनी विचारले.

"दम पुरत नाही, सर."

सर तलावात कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले आणि मला तिच्यापुढे सोडून नव्या दोरीने ओढू लागले.

"भोपळ्यामागं पोहू? पोरी हसतीन मले."

"हसू दे. मी तं याले पाठीवर बांधून रडलो होतो."

ती पोहू लागली. तिचे बुडबुडे माझ्या पोटाला लागतच नव्हते. विहिरीत बुडी मारून जास्त वेळ कोण राहतो, हा तिचा आवडता खेळ. त्यामुळे पाण्यात श्वास कोंडायची सवय. मग तोंड वर आले की श्वास सोडणे आणि घेणे, दोन्ही तिथेच उरकायचे. त्यासाठी ती मान उंच करी, आणि मान वर गेली की पाय बुडत.

"पाण्यातच फुकत जाय," सर म्हणाले. "वर आली का फक्त आत घे. हनुवटी पाण्याले घासली पाहिजे. अन् हात पाण्यात पडायच्या आधी डोकं आत. याचं पोट दिसलं तं बरोबर. देठ दिसला तं समज, मान लय वर गेली."

पहिल्या दिवशी तिला दर वेळी देठच दिसला. तिसऱ्या आठवड्यात मात्र माझ्या पोटाला गुदगुल्या होऊ लागल्या.

यवतमाळला मी सरांच्या मांडीवर होतो. बटरफ्लायला मुली दोनच, खुशी आणि उमरखेडची रुबीना. अंतर पूर्ण करील तिची निवड. तीस मीटरवर रुबीनाने दोरी धरली. तिथेच खुशीचेही हात जड झाले. पण तिच्या तोंडापुढे बुडबुडे फुटत राहिले. तिने भिंतीला दोन्ही हात टेकवले.

मित्रांनो, माझे एकच मागणे आहे. भोपळा भिजला की पुसून ठेवा, नाहीतर तो आतून कुजतो.

खुशी बाहेर आली. रुबीना काठावर गुडघ्यांत डोके घालून बसली होती. खुशीने सरांकडे पाहिले, मला उचलले आणि रुबीनापुढे ठेवले.

"पुढच्या वर्षीपर्यंत ठेव. याचा देठ दिसू द्याचा नाही."

मग अंगावरून पाणी निथळत असतानाच तिने आपला कोरडा टॉवेल माझ्यावर टाकला.

"अन् याले पुसत जाय."